युरॉलॉजीचा एक रविवार: दोन वर्षं उशिरा लिहिलेला रिव्ह्यू

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या युरॉलॉजीच्या, म्हणजे मूत्रविकारांच्या, त्या रविवारच्या वर्गाबद्दल मी दोन वर्षं उशिरा लिहितेय, आणि मुद्दाम. त्याच संध्याकाळी लिहिलं असतं तर मिसळ झणझणीत होती, एसी गार होता आणि सर छान शिकवतात, एवढंच लिहून मोकळी झाले असते. आता इंटर्नशिप उरकून नाशिक जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात बाँड भरतेय. त्या दिवशी शिकवलेल्यातलं काय कामाला आलं आणि काय वाहून गेलं, ते आता कळतं.

आधी हिशोब. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी एक दिवसाचा वर्ग, सकाळी साडेनऊ ते पाच. फी १५०० रुपये, त्यात नाश्ता, जेवण, दोन चहा. जागा २४. घेणारे सर स्वतः प्रॅक्टिस करणारे युरॉलॉजिस्ट आहेत. नाव छापू नको, जाहिरात वाटते, असं त्यांनीच बजावलंय, म्हणून लिहीत नाही. नाशिकमधल्या सर्जरीच्या कुठल्याही रेसिडेंटला विचारलंत तर पत्ता मिळेल.

हा वर्ग करावासा का वाटला, ते सांगते. मी २०१९ ची बॅच. म्हणजे नव्या क्षमताधारित अभ्यासक्रमाची पहिली, आणि पहिल्याच वर्षात लॉकडाउन खाल्लेली. त्या अभ्यासक्रमात सर्जरीच्या २९ व्या विषयात मूत्रसंस्थेच्या अकरा क्षमता दिल्यात: लघवीतून रक्त जाणं, मुतखडा, लघवी अडकणं, प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी), मूत्रमार्ग आकसणं वगैरे. त्यातली २९.१० म्हणते की गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेट तपासणं विद्यार्थ्याने पुतळ्यावर करून दाखवावं. माझ्या लॉगबुकात त्या ओळीपुढे सही आहे. सही झाली त्या दिवशी पुतळा खोक्यातच होता, आणि खोक्यावरची चिकटपट्टी कंपनीची होती.

आणि कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी. वॉर्डात पुरुष रुग्णाला नळी टाकायची वेळ आली की आम्हा मुलींना ‘मॅडम, तुम्ही फिमेल वॉर्ड बघा’ म्हणून बाहेर काढायचे. वाईट हेतूने कोणी म्हणायचं नाही. रुग्णाला लाज वाटेल, नातेवाईक ओरडतील, कशाला झंझट, असा सगळा समजूतदार मामला. नळी ब्रदर टाकायचे, मुलगे बघायचे, कधीमधी टाकायचेही. मी शेवटच्या वर्षात पोचले तोवर माझ्या नावावर पुरुष रुग्णाच्या शून्य नळ्या होत्या. हीच मुलगी पुढे रात्री एकटी ड्युटीवर असणार आहे, हा विचार कोणाच्या डोक्यात आलेला नव्हता. माझ्यासुद्धा.

ऑगस्टचा रविवार होता, पाऊस लागून राहिलेला. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असल्याने सगळ्यांच्या फोनवर गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीचे फोटो फिरत होते. सरांनी पहिल्या दहा मिनिटांत तोच फोटो पडद्यावर लावला. म्हणाले, नाशिककराला पूर किती आला हे सेंटिमीटरमध्ये सांगावं लागत नाही. मारुतीच्या गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत, एवढं पुरतं. लघवी तुंबलेल्या माणसाचं पोट असंच वाचायचं. रिकामं मूत्राशय जघनास्थीच्या मागे दडलेलं असतं, हाताला लागत नाही. भरलं की वर येतं. बेंबीपर्यंत आलं तर समजा पाणी मारुतीच्या छातीला लागलंय. तिथे बोटाने ठोकलं की बद्द आवाज येतो आणि रुग्णाला लघवीची भावना होते. पुढे म्हणाले, धरण भरलं की फुगवटा मागे मागे सरकतो, तसा इथला फुगवटा मूत्रवाहिन्यांतून किडनीपर्यंत जातो. त्यालाच तुम्ही परीक्षेत हायड्रोनेफ्रोसिस लिहिता. हा शब्द मी तीन वर्षं पाठ करत होते. फुगवटा म्हटल्यावर एका क्षणात दिसला.

त्यानंतरचा अर्धा तास मला सगळ्यात आवडला, आणि त्यात ना पुतळा होता ना स्लाइड. रुग्णाशी मराठीत बोलायचं कसं, एवढंच. आम्ही सगळे इंग्रजीतून शिकलेलो, त्यामुळे वॉर्डात ‘युरिनला काही प्रॉब्लेम?’ असं विचारायचो आणि म्हातारे ‘नाही’ म्हणायचे. प्रोस्टेटच्या लक्षणांसाठी जगभर सात प्रश्नांचा एक तक्ता वापरतात, एकूण गुण ३५. सातपर्यंत सौम्य, एकोणीसपर्यंत मध्यम, वीसपासून तीव्र. सरांनी तो आमच्याकडून बोलीत उतरवून घेतला. लघवी झाल्यावर पोटात राहिल्यासारखी वाटते का? दोन तासांच्या आत पुन्हा जावं लागतं का? थांबून थांबून होते का? घाईची लागली तर धरवते का? धार बारीक झालीय का? जोर करावा लागतो का? रात्री किती वेळा उठता? दोघादोघांची जोडी करून एकाने म्हातारा व्हायचं, एकाने डॉक्टर. माझ्या जोडीला राजस्थानातून ऑल इंडिया कोट्यात आलेला मुलगा होता. त्याने मोठ्या प्रामाणिकपणे सांगितलं की वॉर्डात एक मावशी ‘उन्हाळी लागली’ म्हणाल्या तेव्हा त्याने केस शीटवर ‘लक्षणं उन्हाळ्यात वाढतात’ असं लिहिलं होतं. हॉल हसून हसून लोळला. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर ‘उन्हाळी = लघवीला जळजळ’ असं लिहिलं आणि त्याखाली आम्हाला आमच्या गावचे शब्द लिहायला लावले. ‘परमा’ (गनोरिया) येईपर्यंत मुली-मुलांमधला संकोच बराच निवळला होता.

मग पुतळा. खरं तर अर्धाच: कमरेपासून मांडीपर्यंत, गुलाबी रबराचा, आत पाण्याची पिशवी. रुग्णालयांना पुरवठा करणाऱ्या कंपन्या विकतात तसला. त्याबद्दल स्पष्ट लिहिते, कारण कॉलेजं तो घेताना किंमत बघतात, उपयोग बघत नाहीत. त्याचा मूत्रमार्ग फारच सरळ आहे. पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण १८ ते २० सेंटिमीटर, त्यात वळणं, आणि प्रोस्टेटच्या आधी स्फिंक्टरपाशी (लघवी धरून ठेवणाऱ्या स्नायूपाशी) नळी खऱ्या माणसात अडखळते. या रबरात ती सुळ्ळकन आत जाते आणि विद्यार्थ्याला आपण मोठे उस्ताद झाल्याचा भास होतो. दुसरं म्हणजे त्याला पुढची कातडीच नाही. आपल्याकडच्या बहुतेक पुरुष रुग्णांना ती असते, आणि नळी टाकून झाल्यावर मागे सारलेली कातडी पुढे आणायची राहिली की पॅराफायमोसिस होतो. कातडी मागेच अडकते, सूज चढते, रक्तपुरवठा धोक्यात येतो. डॉक्टरच्या विसरभोळेपणाने होणारा हा आजार, आणि पुतळा तो शिकवूच शकत नाही. सरांनी हातमोज्याचं बोट कापून पुतळ्यावर चढवलं आणि झाली कातडी. प्रत्येकाने नळी टाकून शेवटी ते बोट पुढे ओढायचं. जो विसरेल तो रांगेच्या शेवटी. चौदा जण विसरले. मीही.

रांगेत आधी मुली. ‘वॉर्डात तुम्हाला कोणी हात लावू देत नाही, म्हणून आज तुम्ही आधी,’ एवढंच सर म्हणाले आणि पुढे गेले. त्यावर भाषण झालं नाही हे फार बरं झालं.

दिवसातली सगळ्यात मोलाची वस्तू मात्र वेगळीच होती: गवंडी वापरतात तो लेव्हलचा पारदर्शक पाईप, हातभर लांबीचा. फोलीची नळी, म्हणजे मूत्राशयात टिकून राहायला टोकाशी फुगा असलेली, त्यात घातली, थोडी आत गेल्यावर मागच्या टोकातून पाणी येऊ दिलं आणि सर म्हणाले, लघवी आली, फुगा फुगवू? आम्ही एका सुरात हो म्हणालो. त्यांनी सिरिंजने पाणी सोडलं. फुगा पाईपच्या आतच फुगला आणि घट्ट रुतून बसला. पाईप मऊ होता, त्यालाही बाहेरून फुगवटी आली. ‘हा पाईप आहे म्हणून फुगला. मूत्रमार्ग फाटतो.’ नळी पुरुषात वाय फाट्यापर्यंत (मागे जिथे तिला दोन तोंडं फुटतात) पूर्ण आत ढकलायची, लघवी येताना बघायची, आणि मगच फुगा फुगवायचा. फुगवताना रुग्ण कळवळला तर थांबायचं, पाणी काढून घ्यायचं. हे पुस्तकात एका ओळीत आहे. मी ते रुतलेलं बघितलं म्हणून हाताला कायमचं लक्षात राहिलं.

नळीबद्दलच्या बाकी गोष्टी त्यांनी भराभर पण नेमक्या सांगितल्या. फ्रेंच म्हणजे काय: आकड्याला तीनने भागा, मिलिमीटरमध्ये व्यास मिळतो, सोळा नंबरची नळी सव्वापाच मिलिमीटरच्या जरा वर. रंग पाठ करा: पांढरी बारा, हिरवी चौदा, नारिंगी सोळा, लाल अठरा. रात्री दोन वाजता पाकीट वाचायला चष्मा सापडत नाही, रंग दिसतो. फुग्यात निर्जंतुक पाणी भरायचं, सलाईन नाही, कारण मिठाचे कण जमून वाहिनी बंद होऊ शकते आणि काढताना फुगा उतरतच नाही. बधिर करणारी झायलोकेन जेली नळीच्या टोकाला शेंदूर लावल्यासारखी फासायची नसते. मूत्रमार्गात भरायची आणि काही मिनिटं थांबायचं. ‘त्या मिनिटांत रुग्णाशी बोला. पीकपाणी विचारा. बोलणाऱ्या माणसाचा स्फिंक्टर सैल होतो.’ आणि महामार्गावरच्या अपघातातून आलेल्या रुग्णाच्या मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्ताचा थेंब दिसला तर नळीला हातसुद्धा लावायचा नाही. मूत्रमार्ग तुटलेला असू शकतो, आधी रंगद्रव्य सोडून एक्स-रे.

फोली हे माणसाचं नाव आहे हे मला तिथे कळलं, हेही कबूल करते. अमेरिकन युरॉलॉजिस्ट, १९३०च्या दशकातला. मला ते कंपनीचं नाव वाटायचं.

प्रोस्टेट तपासणीसाठी दुसरा छोटा पुतळा होता, आत चार प्रकारच्या ग्रंथी बदलता येतात असा. तो खरंच चांगला आहे. त्याआधी सरांनी आम्हाला स्वतःचा हात चाचपायला लावला. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मऊसर उंचवटा म्हणजे साधारण प्रोस्टेट. बोटाचं पेर किंवा हनुवटीसारखं टणक काही लागलं तर संशय. खोक्यातल्या पुतळ्यावर मिळालेल्या माझ्या सहीचं पाप त्या दिवशी थोडं फिटलं.

एक गंमत त्यांनी जाता जाता सांगितली: सुश्रुतसंहितेतही शिष्याने आधी भोपळा, कलिंगड, काकडी यांच्यावर छेदनाचा सराव करावा असं सांगितलंय. मागून कोणीतरी म्हणालं, म्हणजे हातमोज्याच्या बोटापेक्षा ते स्वस्त होतं.

आता तक्रारी. जेवणानंतर रोबोटिक शस्त्रक्रियेचा पन्नास मिनिटांचा व्हिडिओ. देखणा, महागडा आणि आमच्यासाठी पूर्ण निरुपयोगी. श्रावणातल्या पुरणपोळीवर तो दाखवणं म्हणजे गुंगीचं औषध देणं. त्या पन्नास मिनिटांत स्त्रियांना नळी टाकणं शिकवता आलं असतं. त्याला मिळाली पाच मिनिटं आणि एक आकृती. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर, म्हणून ते सोपं असं सगळे गृहीत धरतात. वयस्क, जाड किंवा बाळंत झालेल्या बाईत ते तोंड सापडणं किती अवघड असतं हे मी नंतर घाम गाळून शिकले. एकच युक्ती तिथली लक्षात राहिली: नळी चुकून योनीत गेली तर ती तशीच राहू द्यायची, दुसरी नवी नळी तिच्या वरच्या बाजूला घालायची. ही युक्ती सोन्याची आहे, पण पुतळा फक्त पुरुषाचा का, हे मी प्रतिक्रियेच्या फॉर्ममध्ये लिहिलं होतं. पुढच्या बॅचला गेलेली मैत्रीण म्हणते, अजून फक्त पुरुषच आहे.

चोवीस मुलांना मिळून एक पुतळा आणि एक उसना. माझ्या वाट्याला नळी तीनदा आली. पाचदा हवी होती. आणि एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही: दिवसभर लघवी तुंबण्याचे दुष्परिणाम शिकवणाऱ्या त्या हॉलला स्वच्छतागृह एकच होतं, चहाच्या सुट्टीत बाहेर बारा जणांची रांग. प्रमाणपत्र दीड महिन्याने आलं, माझं आडनाव चुकवून.

मुतखड्याचा तास ठीक होता. पाच मिलिमीटरच्या आतला खडा बहुधा आपला आपण पडतो. ताप आणि अडकलेला खडा एकत्र आले तर वाट बघायची नाही, त्याच रात्री पाठवायचं. उन्हात द्राक्षबागेत राबणारा आणि दिवसभरात दोन तांबे पाणी पिणारा माणूस पुन्हा खडा घेऊन येणारच, तेव्हा गोळ्यांआधी पाण्याचं बोला. न दुखता लाल लघवी होणारा बिडीवाला बाबा दिसला तर अँटिबायोटिक देऊन घरी पाठवू नका, मूत्राशयाचा कॅन्सर नाही ना हे आधी बघायला लावा. बाकी बरंचसं पुस्तकातलं.

मग वृषणाला पीळ पडण्यावर वीस मिनिटं. तेव्हा मी पेंगत होते. एक वाक्य तेवढं कानात राहिलं: पोट दुखतंय म्हणून आलेल्या मुलाची चड्डी उतरवून बघितल्याशिवाय पोट तपासून झालं असं म्हणू नका. पीळ पडल्यापासून सहा तासांच्या आसपास सोडवला तर वृषण बहुतेक वेळा वाचतो, त्यापुढे शक्यता भराभर घटते.

गेल्या वर्षी पहाटे पाचला एक आई तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. रात्री भेळ खाल्ली, दोनपासून पोट दुखतंय, दोन उलट्या. मुलगा माझ्याकडे बघेना. चड्डीला हात लावू देईना. मी बाहेर गेले, वॉर्डातल्या मामांना आत पाठवलं, त्यांनी काय समजूत घातली देव जाणे, पाच मिनिटांनी मला हाक आली. डावी बाजू वर ओढलेली, आडवी, हात लावताच तो किंचाळला. मांडीच्या आतल्या बाजूला हलकेच ओरखडलं की वृषण वर उचलला जायला हवा, तो त्या बाजूला हललाच नाही. सोनोग्राफी कुठे मिळते ते शोधत बसले नाही. १०८ बोलावली, नाशिकच्या सर्जनना फोन करून आधीच सांगितलं. साडेपाचला निघाले, सव्वासातला मुलगा टेबलवर होता. वृषण वाचला. ही वीस मिनिटं मी पेंगत ऐकली होती हे सरांना अजून सांगितलेलं नाही.

नळीची पहिली खरी वेळ त्याआधी आली. डिसेंबर, अवकाळी पाऊस पडून गेलेला, सत्तरीचे एक बाबा. सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून गोळ्या घेतल्या होत्या, सकाळपासून लघवी नाही. सर्दीच्या काही गोळ्यांनी मोठ्या प्रोस्टेटवाल्याची लघवी अडकते, हे त्या वर्गात ऐकलेलं. सिस्टर म्हणाल्या, ब्रदर सुट्टीवर आहेत, नाशिकला पाठवायचं का मॅडम? पोटावर हात ठेवला, पाणी मारुतीच्या छातीला. मी नारिंगी पाकीट मागितलं. जेली भरली आणि विचारलं, बाबा, बागेचं काय झालं पावसात? ते जे सुरू झाले ते थांबेनात: घड तडकले, डावणी रोग येणार, व्यापारी भाव पाडणार. स्फिंक्टरपाशी नळी अडखळली. पुतळ्यात असं कधी झालं नव्हतं. हात थरथरला, पण जोर केला नाही. बाबांना लांब श्वास घ्यायला सांगितलं, हलका दाब तसाच धरून ठेवला आणि नळी सरकली. वाय फाट्यापर्यंत. लघवी आली. फुगा, दहा मिली. कातडी पुढे. युरोबॅगेत अकराशे मिली भरले, आणि मी मांडीवर चिकटपट्टी लावतेय तोवर बाबा घोरायला लागले होते.

तर गुण: पाचपैकी चार. एक तारा रोबोटच्या व्हिडिओचा आणि बायकांच्या पुतळ्याचा कापला. परीक्षेसाठी जाणार असाल तर जाऊ नका, तेवढ्या पैशांत पुस्तक येतं. हाताला सवय हवी असेल आणि विशेषतः मुलगी असाल तर जाच. मिसळ दोन पाव कमी खा, दुपारी झोप येते. आणि हातमोजे घरून न्या. तिथे सगळे साडेसात नंबरचे असतात, आमच्या साडेसहाच्या हातांना ते बोटांवर लोंबतात.